इथं मोडायचा, तिथं बांधायचा

किस्से कुणी मुद्दाम साठवत नाही. सुताराच्या खिशात भुसा साठतो तसे ते साठत जातात. संध्याकाळी शर्ट झटकला की भुसा खाली पडतो आणि घरातलं माणूस ओरडतं. माझ्या घरात आता ओरडायला कुणी उरलेलं नाही, त्यामुळे भुसा तसाच पडून आहे. त्यातला थोडा इथं झटकतो. ज्याला शिंका येत असतील त्याने लांब बसावं.

मी पुण्याजवळच्या धायरीचा. धायरी गाव होतं तेव्हापासूनचा. आता तिथं गाव सोडून सगळं आहे. शाळा चौथीत सुटली. त्याचं मला दुःख नाही, शाळेलाही नसावं. जन्मभर नाटकांचे सेट ठोकले. मग नाटकवाले मागं भिंतीऐवजी स्क्रीन लावायला लागले आणि सुतार अडगळीत गेला. म्हातारपणी एका टीव्ही मालिकेचं काम आलं. सोलापूर रस्त्याला लोणी काळभोरच्या पुढं एक पत्र्याचं शेड, त्यात शूटिंग.

मालिका विज्ञानाची. एक म्हातारा शास्त्रज्ञ यंत्रात उभा राहतो, इथून गायब होतो आणि दुसऱ्या ग्रहावर उतरतो. एवढीच स्टोरी. बाकी नुसतं बोलणं. मालिकेचं नाव सांगत नाही. बंद पडलेल्या घड्याळाची कंपनी कोण विचारतं?

शास्त्रज्ञाचं काम करायचे भाऊसाहेब. त्यांना मी नाटकापासून ओळखत होतो. माणूस मोठा नट, पण सुताराला 'अहो' म्हणणारा. असे नट आता बनत नाहीत. लाकूडही बनत नाही म्हणा.

* * *

मालिकेचा लेखक ओंकार. खराडीला आयटीत नोकरी आणि सुट्टीच्या दिवशी लेखन. पहिल्याच दिवशी तो माझ्याकडं आला.

"काका, टेलिपोर्टर बनवायचाय."

"काय करतं ते?"

"माणूस त्यात उभा राहतो. मशीन त्याचा कण न् कण वाचतं. मग तो इथून नाहीसा होतो, त्याची सगळी माहिती तिकडं जाते, आणि तिकडं सेम टू सेम माणूस तयार होतो."

"तिकडं कशाचा तयार होतो?"

"तिकडच्या मटेरियलचा."

"आणि इथला?"

तो जरा घुटमळला. "इथला... म्हणजे तो राहत नाही."

"म्हणजे इथं मोडायचा, तिथं बांधायचा."

"टेक्निकली, हो."

मी म्हणालो, "अरे, कपाट मोडून दुसऱ्या घरात जोडलं की एक तरी स्क्रू उरतो. फळ्या बसतात, दार लागतं, कुलूपही लागतं, पण स्क्रू उरतोच. कुठला ते कळत नाही."

मला वाटलं, पोरगं गप्प बसेल. ते हसलं आणि म्हणालं, "काका, सगळ्या जगात टेलिपोर्टरच्या मालिका त्या उरलेल्या स्क्रूवरच चालतात. कुणी अर्धाच पोचतो, कुणी दोनदा पोचतो, कुणी पोचतो पण तो तोच नसतो. मशीन नीट चाललं तर स्टोरी संपली ना."

आयटीवाल्याकडून एवढं बरं उत्तर मी धरून चाललो नव्हतो.

भाऊसाहेब शेजारी खुर्चीत चहा पीत बसले होते. म्हणाले, "मिस्त्री, उरलेले स्क्रू तुम्ही टाकता की ठेवता?"

"ठेवतो. डब्यात."

"मग हरकत नाही," म्हणाले आणि बशी तोंडाला लावली.

* * *

यंत्र मी बनवलं. खाली प्लायवूडचा गोल चौथरा, मागं अर्धी गोल भिंत, वर दोरीने टांगलेली ॲक्रिलिकची मोठी तबकडी. भिंतीत मधोमध इडलीपात्र उलटं बसवलं आणि आतून निळा दिवा सोडला. ओंकार त्याला 'क्वांटम कोअर' म्हणायचा. इडलीपात्राला आजवर एवढा मान कुणी दिला नसेल.

भाऊसाहेबांच्या बायको सुमनवहिनी रोज त्यांच्याबरोबर यायच्या. त्यांनी यंत्राभोवती एक चक्कर मारली, वरची तबकडी बघितली, खालचा चौथरा बघितला.

"न्हाणीघर छान झालंय हो, मिस्त्री. पण पाणी जायला भोक कुठंय?"

त्या दिवसापासून सगळं युनिट त्याला न्हाणी म्हणायला लागलं. दिग्दर्शक केदार पुण्याचा, इंग्रजी शाळेतला, परदेशात शिकून आलेला. तोसुद्धा ओरडायचा, "भाऊसाहेबांना न्हाणीत घ्या."

* * *

आता ते खरोखर कसं चालतं ते सांगतो. खरोखर म्हणजे टीव्हीवर.

कॅमेऱ्यावर रोशनी असायची. यवतमाळची पोरगी, आवाज बारीक आणि हुकूम जाड. ती कॅमेरा स्टँडवर पक्का करायची, स्टँडच्या पायांवर वाळूच्या पिशव्या टाकायची. मग केदार म्हणायचा, "पुतळा." त्यासरशी शेडमधल्या प्रत्येकाने आहे तसं थांबायचं. फ्रेममधल्यांनी आणि बाहेरच्यांनीही. शेडची जमीन फळ्यांची होती. एकाने पाय हलवला तर कॅमेरा थरथरायचा आणि टीव्हीवर भिंत उडी मारायची.

सगळे पुतळे झाले की ज्याला नाहीसं व्हायचंय तो एकटा शांतपणे न्हाणीतून उतरायचा, चालत बाहेर यायचा आणि चहाच्या टेबलापाशी उभा राहायचा. मग रिकाम्या न्हाणीचा शॉट बराच वेळ चालायचा. शेवटी केदार म्हणायचा, "मोकळे." पुढं कॉम्प्युटरवर दोन्ही जोडले की माणूस गायब.

म्हणजे बघा, टीव्हीवर जो नाहीसा होतो तोच शेडमध्ये एकटा हलत असतो. बाकीचे सगळे मेल्यासारखे.

पलीकडचा ग्रह म्हणजे शेडच्या मागची बंद पडलेली दगडाची खाण. तिथंही भाऊसाहेब नेमके त्याच जागी उभे राहिले पाहिजेत. म्हणून मी एकाच फळीतून दोन पातळ चकत्या कापल्या. एक न्हाणीत ठोकली, एक खाणीत दगडावर बसवली. कडेला जराशी धार ठेवली, म्हणजे तळव्याला खूण कळते आणि खाली बघावं लागत नाही. नटाने खाली बघितलं की नट संपला.

भाऊसाहेबांनी एकदाही खाली बघितलं नाही.

* * *

शेडचा मालक लोणीचाच, उसाचा बागायतदार. मालिकेत काय चाललंय त्याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. एकदा पुतळा चालू असताना तो दारात आला.

त्याने काय पाहिलं असेल? एक बाई चहाचा कप तोंडाशी धरून ताठ. एक माणूस वायर हातात घेऊन ताठ. मी हातोडी वर उचलून ताठ. केदार एक हात वर करून, तोंड उघडं ठेवून ताठ. भिंतीत निळा दिवा जळतोय आणि कुठं आवाज नाही.

मालकाने इकडंतिकडं बघितलं, कोपऱ्यातली माझी सागवानी पट्टी उचलली आणि केदारच्या पाठीत अशी घातली की तो थेट वाळूच्या पिशव्यांवर जाऊन पडला.

एकच गोंधळ. केदार कण्हतोय, रोशनी ओरडतेय, "काऊन मारलं जी त्यांना?"

मालक घामाघूम. "आवो, समद्यांना करंटनं धरलं व्हतं न्हवं? हातानं सोडवाया गेलो तर म्याबी चिकटनार. वाळकं लाकूड मारल्याबिगर मानूस सुटत न्हाई."

सगळं समजावून सांगितल्यावर त्याने माफी मागितली. केदारने पाठ चोळत त्याला बजावलं, "दादा, इथं कुणीही असं उभं दिसलं तर हात लावायचा नाही. काहीही झालं तरी."

"न्हाई लावनार. शब्द हाय आपला."

खेड्यातला माणूस. शब्द दिला म्हणजे दिला.

* * *

गायब होताना माणसाच्या अंगावर चमचम होते ती कुठून येते? मला वाटायचं कॉम्प्युटरमधून. पण केदारला जुन्या पद्धतीचं वेड. काचेच्या बरणीत पाणी भरायचं, त्यात बोहरी आळीतून आणलेली चमकी टाकायची, चमच्याने ढवळायचं, बाजूने दिवा मारायचा आणि ती बरणी शूट करायची. मग ते चित्र माणसाच्या चित्रावर चढवायचं.

बरणी सुमनवहिनींनी दिली. लोणच्याची. त्यांनी धुतली होती, पण लोणच्याची बरणी आणि माणसाचा स्वभाव कितीही धुतला तरी वास राहतो. शॉट झाला, एपिसोड लागला, आणि भाऊसाहेब गायब होताना चमचमीतून एक काळा गोळा गरगरत गेला.

मोहरी.

लोकांनी ओंकारला विचारून भंडावलं. तो काळा ग्रह कोणता? त्या बिचाऱ्याने पुढच्या एपिसोडमध्ये त्या ग्रहाला नाव दिलं. त्यावर एक जमातही वसवली.

वहिनी टीव्हीसमोर बसून म्हणाल्या, "कैरीची फोड राहिली असती तर हो?"

* * *

न्हाणी बघायला लोक यायचे. एकदा मांजरी गावाकडच्या कुठल्या कॉलेजच्या पोरी आल्या. फोटो काढले, व्हिडिओ काढले. त्यातली एक आत उभी राहिली आणि मला म्हणाली, "अंकल, हे रिअली वर्क करतं?"

"करतं. तू बाहेर पडलीस की तू गेलीस."

तिला ते फार खोल वाटलं. तिने माझ्याबरोबरही फोटो काढला. मी फक्त तिला बाहेर पडायला सांगत होतो. चौथऱ्यावर चपला घेऊन उभी होती.

तसं खरं यंत्र मिळालं असतं तर मी पहिलं धायरीच्या पुलाखाली बसवलं असतं. धायरीहून लोणीपर्यंत बसने जाणं म्हणजे आयुष्याचा एक तुकडा कंडक्टरला देणं. मोडून पोचलो असतो तरी चाललं असतं. तसाही बसमधून मोडूनच पोचायचो.

* * *

भाऊसाहेब पहिल्यांदा अडकले तो दिवस मला आठवतो. न्हाणीत उभे होते. वाक्य होतं, "चला, त्या काळ्या ग्रहावर माझी वाट पाहत आहेत." ते म्हणाले, "चला," आणि थांबले. इकडं बघितलं, तिकडं बघितलं. मग अगदी साध्या आवाजात विचारलं, "कुठं जायचंय मला?"

केदार खूश. "कमाल! हेच ठेवू. काय पॉज घेतलाय त्यांनी!"

मी वहिनींकडं बघितलं. त्या जमिनीकडं बघत होत्या.

पुढं ते वाढत गेलं. ओंकार वाक्यं छोटी करत गेला. मग त्याने वाक्यं इतरांच्या तोंडी दिली आणि भाऊसाहेबांना नुसतं 'हं' ठेवलं. तरी अडकायचे. तेव्हा केदारने युक्ती काढली. भाऊसाहेब थांबले, डोळे भिरभिरायला लागले, की तो म्हणायचा, "पुतळा." ते ऐकलं की भाऊसाहेबांना बरोब्बर कळायचं. न्हाणीतून उतरायचे, चालत चहाच्या टेबलापाशी यायचे आणि उभे राहायचे. टीव्हीवर शास्त्रज्ञ बोलता बोलता अर्ध्या वाक्यातून गायब व्हायचा. लोकांना वाटायचं, स्टाईल आहे.

मंडईत भाजीवाली मला म्हणाली, "तुमचा म्हातारा बोलता बोलता निघून जातो ते लई आवडतं आमच्या घरात. माझे सासरे शेवटी शेवटी तसंच करायचे."

तिने कोथिंबिरीची जुडी फुकट दिली. मी ती परत ठेवली.

* * *

एक दिवस चहाच्या टेबलापाशी मी आणि सुमनवहिनी दोघंच होतो. त्या म्हणाल्या, "मिस्त्री, तुमच्या शब्दाला इथं वजन आहे."

"माझ्या शब्दाला इथं कुत्रं विचारत नाही, वहिनी. काय ते बोला."

"यांना मालिकेतून काढू देऊ नका."

त्याच पुढं बोलल्या. घरी सकाळी उठतात आणि विचारतात, हे कुणाचं घर. संडासला जायला निघतात आणि बाल्कनीत जाऊन उभे राहतात. मुलाला 'आपण कुठून आलात' म्हणतात. रात्री त्यांच्या आधी या झोपत नाहीत.

"इथं आले की बरे असतात," त्या म्हणाल्या. "पुतळा म्हटलं की थांबतात. मोकळे म्हटलं की हसतात. पायाला ती तुमची चकती लागली की चेहरा बदलतो हो त्यांचा. इथं त्यांना कुठं उभं राहायचं ते माहीत असतं. घरी नाही."

मी म्हटलं, "मग घरी पण एक ठोकून देतो."

मी चिडूनच म्हणालो होतो. त्या म्हणाल्या, "माझ्याही मनात आलं होतं ते. पण घरात दिग्दर्शक कुठून आणू?"

* * *

मग चॅनेलचा माणूस आला. गुळगुळीत चेहरा, गुळगुळीत बूट. खाणीत न येता त्याने ग्रह पसंत केला आणि न्हाणीला हात न लावता यंत्र पास केलं. फक्त भाऊसाहेबांपाशी तो अडला.

"सर फँटास्टिक आहेत," तो केदारला म्हणाला. "बट वी नीड समवन यंग. मशीन आहेच की तुमच्याकडं. ओल्ड मॅन आत जातो, यंग मॅन बाहेर येतो. लॉजिक आहे ना?"

केदारने ओंकारकडं बघितलं. ओंकार बूट बघत होता. स्वतःचे.

"आहे," तो हळू म्हणाला. "माहितीवरून तिकडं नवा बनतो. माहितीत थोडा बदल केला तर... तरुण बनू शकतो."

मी तिथंच रंधा मारत होतो. म्हणालो, "म्हणजे इथं भाऊसाहेब मोडायचे आणि तिथं दुसराच बांधायचा."

"काका, प्लीज," केदार म्हणाला.

"मी कुठं काय म्हणतोय? मशीन म्हणतंय."

चॅनेलच्या माणसाने विचारलं, "हू इज धिस?" मी पुन्हा रंधा मारायला लागलो.

केदार वाईट पोरगा नव्हता. त्याने दोन दिवस भांडून बघितलं. मालिकाच बंद करू असं चॅनेलने म्हटल्यावर गप्प झाला. त्यात शेडभर लोकांची पोटं होती, माझंही होतं.

भाऊसाहेबांना त्याने स्वतः सांगितलं, पायाशी बसून. ते शांतपणे ऐकत होते. म्हणाले, "छान कल्पना आहे. म्हातारा जातो आणि तरुण होऊन येतो. टाळ्या पडतील." केदार डोळे पुसत बाहेर गेला.

थोड्या वेळाने त्यांनी मला विचारलं, "मिस्त्री, परवाचं शूटिंग कुठं आहे?"

मी सांगितलं. पुन्हा सगळं सांगितलं. जसं होतं तसं. मला गोड करून सांगता येत नाही.

त्यांनी न्हाणीकडं बोट केलं. मग म्हणाले, "म्हणजे जाणारा मी, येणारा तो."

"हो."

"मग मी कुठं उतरायचं?"

तोंडाला आलं ते बोललो. "खाणीतली चकती मी अजून उखडलेली नाही."

"मग हरकत नाही," भाऊसाहेब म्हणाले.

* * *

शेवटच्या शॉटच्या दिवशी सकाळपासून काहीतरी बिघडत होतं. वरच्या तबकडीची दोरी तुटली. नवी बांधायला वेळ नव्हता, म्हणून शिडीवर चढून ती तबकडी मी दोन्ही हातांनी धरून उभा राहिलो, फ्रेमच्या जरा वर.

भाऊसाहेब न्हाणीत आले. चंदेरी कोट, चंदेरी बूट. खाली न बघता चकतीवर उभे राहिले. वाक्य नव्हतंच. त्यांनी सगळ्यांना नमस्कार केला. तो कुणी लिहिलेला नव्हता.

"पुतळा," केदार म्हणाला.

आम्ही सगळे थांबलो. भाऊसाहेब उतरले. कॅमेऱ्यापाशी आले. रोशनीचा डोळा कॅमेऱ्याला लागलेला. केदारच्या बाजूने गेले. केदार हात वर करून उभा. चहाच्या टेबलापाशी आले आणि तिथं थांबले नाहीत.

टेबलाशी सुमनवहिनी उभ्या होत्या. हातात त्यांच्यासाठी गाळलेला चहा. एवढ्या दिवसांत त्यांनाही सवय लागली होती, त्याही पुतळा. भाऊसाहेबांनी त्यांच्याकडं बघितलं, ओळखीचं हसले आणि दारातून बाहेर गेले. ऊन आत आलं आणि परत गेलं.

मी वरून बघत होतो. सगळ्यांनी बघितलं. कुणी हललं नाही. शेवटचा शॉट होता. रिकाम्या न्हाणीवर कॅमेरा चालू होता आणि भाऊसाहेबांचा शेवटचा शॉट आपल्यामुळे बिघडायला नको, हे प्रत्येकाच्या मनात होतं. वहिनींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण कप हलला नाही.

केदारने तो शॉट नेहमीपेक्षा लांबवला. त्याला संपवायचा नव्हता.

"मोकळे."

कप खाली पडला. आम्ही बाहेर धावलो. अंगणात कुणी नव्हतं.

भीती एकच, रस्ता. सोलापूर रस्त्यावरचे ट्रक काही न्हाणीत उभे राहत नाहीत. भीती असते तिथंच माणूस आधी शोधतो. केदार गाडी घेऊन हडपसरच्या बाजूला गेला, रोशनी दुसऱ्या बाजूला. ओंकार प्रत्येक टपरीवर विचारत होता, "चंदेरी कोटातले आजोबा बघितले का?" लोक त्याच्याकडंच बघत होते. मी आणि वहिनी कडेकडेने चालत होतो. फक्त एकदा म्हणाल्या, "मी हात धरला असता तर?" मी म्हणालो, "शॉट गेला असता."

ऊन डोक्यावर आलं तेव्हा शेडचा मालक मोटरसायकलवर समोरून आला.

"कुनाला हुडकताय?"

सांगितलं.

"तुमचं म्हातारं व्हय? आवो, ते खानीत हुबं हाय की. माझ्या बांधावरनंच गेलं सकाळच्याला. म्या दोनदा जाऊन बघून आलो."

"मग आणलं का नाहीत?" मी ओरडलो.

त्याचा चेहरा पडला. "हात कसा लावनार? पुतळा चालू हाय न्हवं? मागल्या टायमाला तुमीच शब्द घेतला माझा. म्या लांबनंच छत्री धरून हुबा राह्यलो थोडा येळ. त्ये हललं न्हाई, म्याबी न्हाई हललो."

आम्ही खाणीत पोचलो. केदार, रोशनी, ओंकारही मागून आले.

दगडांच्या मधोमध, चकतीवर, भाऊसाहेब उभे होते. हात बाजूला, मान ताठ, नजर समोर, जिथं रोशनीचा कॅमेरा असायचा तिथं. तिथं कॅमेरा नव्हता. चेहरा उन्हाने लाल झाला होता, पण जागा सोडली नव्हती.

केदारने हात वर केला आणि तसाच खाली घेतला.

वहिनी पुढं निघाल्या. भाऊसाहेब ओठ न हलवता पुटपुटले, "सुमन, फ्रेममध्ये येऊ नकोस."

त्या जागच्या जागी थांबल्या. पदराने तोंड पुसलं. आणि त्या बाईने, जिने कधी सेटवर मोठ्याने चहासुद्धा मागितला नव्हता, तिने केदारसारखा हात वर केला.

"मोकळे," त्या म्हणाल्या.

भाऊसाहेबांचे खांदे खाली आले. ते हसले. वहिनींनी त्यांचा हात धरला. त्यांनी आमच्याकडं एकेक करून बघितलं आणि मी दिसल्यावर थांबले.

"मिस्त्री," म्हणाले, "सगळं पोचलं का?"

मी त्यांच्याकडं डोक्यापासून खाली बघत गेलो. केस, चष्मा, कोट. एका पायात चंदेरी बूट होता. दुसरा पाय उघडाच होता, बांधावरच्या चिखलाने भरलेला.

"सगळं पोचलं," मी म्हणालो.